नेल्डाच्या हिरड्या आणि देवाचं शेत

"घास, नेल्डा. नुसता हात फिरवू नकोस, घास! दगड असो नाही तर दात, हात हलका पडला की मळ घर करतो."

आई जाऊन देवाच्या शेतात निजली त्याला बराच काळ लोटला, पण तिचं हे वाक्य काही निजलं नाही. नेल्डा ट्रान्सू रोज सकाळी उठून आधी बायबलमधलं त्या दिवसाचं वचन वाचायची, डोळे मिटून घटकाभर बसायची, आणि मग न्हाणीघरातल्या आरशापुढे उभी राहून आईची आज्ञा पाळायची. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, खसाखसा. ब्रश असा की त्याने गंजलेली कढई लख्ख व्हावी. गावातल्या दुकानाने तसले राठ ब्रश ठेवणं बंद केलं, तेव्हा तिने ते बाहेरगावाहून मागवले. नवरा कर्टिस शेजारच्या खोलीतून ओरडायचा, "झाली का गं फरशी घासून?" नेल्डा उत्तर द्यायची नाही. एक तर तोंडात फेस असायचा. शिवाय कर्टिस मूळचा बाप्टिस्ट, अख्खं माणूस पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्यांतला, लग्नानंतर मंडळीत आलेला. त्याला घासण्यातलं काय कळणार?

न्यू बेथेल गावच्या मोरेव्हियन मंडळीत, म्हणजे त्या जुन्या ख्रिस्ती पंथात, घासणं ही साधी गोष्ट नाही. तिथे दफनभूमीला देवाचं शेत म्हणतात. सगळे दगड एका मापाचे, पांढऱ्या संगमरवराचे, जमिनीवर आडवे. बँकेच्या मालकाचा तेवढाच आणि त्याच्या माळ्याचाही तेवढाच. नवराबायकोला शेजारी जागा नाही. विवाहित भगिनी एका चौकात, विवाहित बंधू दुसऱ्यात. मेल्यावर सगळे समान, असा वाडवडिलांनी घालून दिलेला नियम. पण माणूस मोठा चिवट प्राणी. त्याची श्रीमंतीची चढाओढ बंद केली, उंचीची बंद केली, तर त्याने पांढरेपणाची शोधून काढली. ईस्टरच्या आदल्या शनिवारी अख्खी मंडळी बादल्या, ब्रश आणि पाळकांच्या नजरेआड ब्लीचच्या बाटल्या घेऊन शेतात उतरते. जो तो आपल्या माणसाचा दगड घासतो आणि घासता घासता शेजारच्या दगडाकडे तिरक्या नजरेने बघतो. दुसऱ्या दिवशी पहाटे मंडळीचा बँड वाजतो, सूर्य वर येतो, प्रभू उठल्याची ग्वाही पाळक देतात, आणि त्या पवित्र उजेडात सगळ्यांना स्वच्छ दिसतं की यंदा कुणाचा दगड पिवळट राहिला.

नेल्डाच्या आईचा दगड कधी पिवळट राहिला नाही.

आई जाताना नेल्डाकडून दोन वचनं घेऊन गेली होती. "माझा दगड पांढरा ठेव," आणि "ईस्टरच्या पहाटे माझ्या उशाशी उभी राहून वाजव." धाकटी बहीण आर्डिथ तेव्हा खोलीतच होती. तिच्याकडे आईने काहीच मागितलं नाही. मागून उपयोगही नव्हता. आर्डिथ जन्माचीच हलक्या हाताची. दगडावरून ओलं फडकं फिरवायची आणि "झालं" म्हणायची. दातांवरून ब्रश फिरवायची तोही मांजर कुरवाळल्यासारखा. आई तिला 'आळशी' म्हणायची आणि नेल्डाला 'माझी घासणारी पोर'. पुढे आर्डिथ शार्लट शहरात गेली, तिथे तिने घरं विकण्याचा धंदा काढला आणि रविवारची प्रार्थना सोडून दिली. नेल्डा शाळेच्या कचेरीत पोरांच्या हजेऱ्या मांडत राहिली आणि मंडळीच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत राहिली. दर ईस्टरला, आईच्या उशाशी. एकदाही चुकली नाही. देव वरून सगळं बघतो अशी तिची श्रद्धा होती, आणि आईही बघत असणार अशी खात्री होती.

दुखण्याची सुरुवात झाली चहापासून. रक्तातल्या साखरेमुळे नेल्डा बिनसाखरेचा गार चहा प्यायची, तोही नाइलाजाने, कारण त्या मुलखात बिनसाखरेचा चहा म्हणजे अपमान समजतात. एका रविवारी प्रार्थनेनंतर तिने घोट घेतला आणि पुढच्या दातांतून अशी कळ गेली की हातातला पेला थेट पाळकसाहेबांच्या बुटांवर. पाळक बंधू स्टॉक्टन म्हणाले, "काही हरकत नाही, भगिनी नेल्डा." बूट मात्र दोनतीनदा झटकले.

त्यानंतर तालमीच्या वेळी बर्निस वोगलरने तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. बर्निस म्हणजे नेल्डाची शेजारीण आणि बँडमधली दुसरी ट्रम्पेट. दुसरी, हे ती कधी विसरली नव्हती.

"नेल्डा, तुझे दात वाढलेत का गं?"

"या वयात दात वाढतात होय?"

"लांब दिसतात. म्हणजे वाईट नाही दिसत. आमच्या काकांची घोडी होती, शेवटी शेवटी तिचेही असेच…"

"बर्निस, तुझा सूर बघ."

पण सूर नेल्डाचाच घसरला. वरच्या स्वराला तिने ट्रम्पेट ओठांवर दाबली आणि वरचा एक दात हळूच मागे सरकल्याचं तिला जाणवलं. दरवाजा किलकिला व्हावा तसा. बाहेर कुणाला काही कळलं नाही. नेल्डाने जिभेच्या टोकाने तो दात चाचपला. त्या दातावाचून तिला वाजवता येणार नव्हतं, आणि वाजवता आलं नाही तर आईला काय सांगायचं?

बातमी मंडळीच्या स्वयंपाकघरात पोचली तेव्हा सल्ल्यांची पंगतच बसली. प्रीतिभोजाचे, म्हणजे मंडळीने एकत्र बसून खायचे, गोड पाव मळता मळता भगिनींनी तिची तपासणी केली. बर्निस म्हणाली, खोबरेल तेल तोंडात धर आणि गुळण्या कर. नेल्डाने धरलं, त्यात टेलिफोन वाजला, ती सवयीने "हॅलो" म्हणाली, आणि तेल नव्या पडद्यांवर गेलं. मॉझेलमावशींनी, ज्यांच्या तोंडात स्वतःचा म्हणून एकही दात शिल्लक नव्हता, तपकिरीची डबी पुढे केली. "चिमूटभर हिरडीत दाबून ठेव. आमची आजी जन्मभर ठेवायची."

"आणि तिच्या हिरड्या?"

"हिरड्या कुठल्या राहायला! पण तक्रार नव्हती हो तिची."

कर्टिस तेवढा म्हणाला, "जरा कमी घासून बघ." साऱ्या सल्ल्यांत हा एकच कामाचा होता, म्हणून तो कुणी ऐकला नाही. उलट नेल्डाने जोर वाढवला. मळ बसला असेल, तर तो निघालाच पाहिजे. थुंकीत लाल दिसू लागलं. तिला वाटलं, चला, घाण बाहेर पडतेय.

शेवटी ती दातांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टर प्रुइट ही बारीक चणीची तरुण बाई होती, आवाज मात्र मास्तरणीचा. तिने तोंडात आरसा घातला, एक बारीक सळई हिरडीत खुपसत गेली, आणि दर खेपेला सळई किती खोल गेली त्याचे आकडे मदतनीस मुलीला सांगत गेली. आकडे वाढत गेले तसा तिचा आवाज हळू होत गेला.

"ब्रश कसा करता, दाखवा बघू."

नेल्डाने अभिमानाने दाखवलं. हात खांद्यापासून हलवत, आईने शिकवल्याप्रमाणे. मदतनीस मुलीने स्वतःचंच तोंड हाताने झाकलं.

"बाई," डॉक्टर म्हणाली, "तुम्ही दात घासले नाहीत. तासलेत. समोरची हिरडी तुम्ही स्वतःच्या हाताने खरवडून वर सारलीत. मुळं उघडी पडलीत तुमची."

"अस्वच्छतेनं?"

"स्वच्छतेनं."

नेल्डाला आयुष्यात कुणी असं बोललं नव्हतं. पण डॉक्टरचं अजून संपलं नव्हतं. "ही झाली पुढची बाजू. मागे आणि आत दुसरंच आहे. हिरडीखाली खोल कप्पे झालेत, त्यात पू आहे. तिथे तुमचा ब्रश कधी गेलाच नाही. जेवढं दिसतं तेवढंच घासलंत तुम्ही. साखरेचा त्रास आहे ना? औषध वाढतंय का?"

"दर खेपेला वाढवतात."

"वाढणारच. तोंडातली जखम काही तोंडात राहत नाही. ती रक्तात उतरते, साखर चढवते. चढलेली साखर परत हिरडी पोखरते. हृदयालाही त्याची झळ बसते. जखम आणि साखर, दोघी मिळून तुम्हाला खातायत. बाहेरून मात्र दात पांढरेशुभ्र आहेत, हे खरं."

घरी येताना गाडीत नेल्डाला ढोंगी माणसांना प्रभूने दिलेली उपमा आठवली. बाहेरून चुना लावलेल्या आणि आतून सडलेल्या थडग्यांवर तिने कितीतरी प्रवचनं ऐकली होती, आणि प्रत्येक वेळी शांत मनाने बर्निसचा विचार केला होता.

आता उपचार करायचा ठरला: पू काढायचा आणि उघड्या मुळांवर सर्जनकडून हिरडी बसवून घ्यायची. म्हणजे ठरला कर्टिस आणि नेल्डाचा. बाकीच्यांचं ठरायचं होतं. दातांच्या विमा कंपनीतली बाई फोनवर फार गोड बोलायची. "हिरडी बसवणं आम्ही सौंदर्योपचारात धरतो, मॅडम."

"माझ्या हिरड्या आजवर माझ्या नवऱ्यानंही पाहिल्या नाहीत. सौंदर्य दाखवू कुणाला?"

"मग हा आजार असेल तर प्रकृतीच्या विमा कंपनीकडे विचारा."

प्रकृतीच्या कंपनीतला माणूस म्हणाला, "तोंड आमच्याकडे येत नाही."

"मग अन्न कुठून जातं?"

"अन्नाचं आम्ही गिळल्यापासून पुढचं बघतो."

असं नेल्डाचं शरीर गळ्यापाशी दोन कंपन्यांनी वाटून घेतलं होतं, आणि वरचा तुकडा कुणालाच नको होता. त्यातच हिरड्यांच्या सर्जनच्या कचेरीने कळवलं की साखर आटोक्यात असल्याचं घरच्या डॉक्टरचं पत्र आल्याशिवाय सुरी लागणार नाही. घरच्या डॉक्टरच्या कचेरीने कळवलं की तोंडातला पू गेल्याशिवाय साखर आटोक्यात येणार नाही, तेव्हा आधी सर्जनचं पत्र आणा. दोन्ही कचेऱ्यांत फॅक्सची यंत्रं होती. ती एकमेकांना कागद पाठवत बसली. दोन भिडस्त माणसं दारात एकमेकांना "आधी तुम्ही, आधी तुम्ही" म्हणत उभी राहावीत तशी. फरक एवढाच की दोघांच्या मध्ये उंबऱ्यावर नेल्डा उभी होती आणि तिचा दात हलत होता.

हा तिढा सोडवला तो डॉक्टर प्रुइटने. ती म्हणाली, "पत्रं येतील तेव्हा येतील. खोल सफाई मी आज करते." तिने तोंड बधिर केलं आणि हिरडीखालचा वर्षानुवर्षांचा दगडासारखा थर खरवडून काढला. नेल्डाच्या कानात तो आवाज शनिवारच्या देवाच्या शेतासारखा घुमला. मग डॉक्टरने एक ब्रश हातात दिला. इतका मऊ की नेल्डाला तो बोटाला जाणवेना.

"हा तान्ह्या बाळाचा आहे का?"

"तुमचा आहे. बोटांच्या टोकांनी धरायचा. रोज दातांच्या फटीतून दोरा फिरवायचा. आणि जोर आला असं वाटलं की थांबायचं."

नेल्डाने ते व्रतासारखं पाळलं. सकाळी वचन, मग मऊ ब्रश, मग दोरा. पहिले काही दिवस तिला आंघोळ न करता देवळात गेल्यासारखं वाटत होतं. पण थुंकीतला लाल रंग गेला. हिवाळा संपता संपता साखरही उतरली. घरच्या डॉक्टरने अहवाल बघून मांडीवर थाप मारली. "बघा! माझ्या नव्या गोळीनं काम केलं." नेल्डाने मान डोलावली. पत्र मिळेपर्यंत माणसाने नम्र राहावं.

पत्र मिळालं, विमा कंपनीने कुरकुरत मंजुरी दिली, आणि नेल्डा सर्जनपुढे जाऊन बसली. डॉक्टर लॅशली उंच, थकलेला गृहस्थ. त्याने सांगितलं, उघड्या मुळांवर नवी त्वचा शिवायची. ती एक तर तिच्याच तोंडातल्या टाळूतून काढायची, नाही तर मृत दात्याची, शुद्ध करून ठेवलेली, वापरायची. दुसरीने त्रास कमी. "विचार करून सांगा," तो म्हणाला.

विचार करायला नेल्डा स्वयंपाकघरात गेली, ही तिची चूक. पावांच्या पिठात हात घालून भगिनी थबकल्या.

"म्हणजे मेलेल्या माणसाची?" बर्निसने विचारलं. "अगं पण मग पुनरुत्थानाच्या दिवशी?"

"काय?"

"काय म्हणजे? तुतारी वाजेल, सगळे मेलेले उठतील, आणि तो माणूस तुझ्यापुढे उभा राहून म्हणेल, बाई, माझं कातडं परत द्या."

"देवाला सगळं कळतं, बर्निस."

"देवाला कळतं. त्या माणसाला कळायला नको?"

मॉझेलमावशींना वेगळीच काळजी. "आणि तो बाप्टिस्ट निघाला तर?"

पावांचं तबक न्यायला आलेला कर्टिस दारातून म्हणाला, "तर निदान तेवढा तुकडा तरी नीट पाण्यात बुडवून काढलेला असेल." त्या दिवशी त्याला पाव मिळाला नाही.

प्रकरण पाळकांपर्यंत गेलं. बंधू स्टॉक्टननी बुटांकडे एकदा बघितलं, नेल्डाच्या हातातल्या चहाच्या पेल्यापासून एक पाऊल मागे सरले, आणि म्हणाले, "भगिनी, देव टाके मोजत नाही." उत्तर उत्तम होतं, पण नेल्डाने तरीही स्वतःचीच टाळू निवडली. पुनरुत्थानाची भीती नव्हती तिला. शेवटच्या दिवशी बर्निससमोर कुणाच्या उपकारात उभं राहायचं नव्हतं, इतकंच.

मग तारखेचा प्रश्न आला. मंजुरी ईस्टरआधीचा पवित्र सप्ताह संपेपर्यंतच चालणार होती. त्यानंतर सगळं पहिल्यापासून: सौंदर्य, आजार, गळ्याच्या वर, गळ्याच्या खाली. सर्जनकडे मोकळा दिवस होता तो झावळ्यांच्या रविवाराआधीचा, म्हणजे ईस्टरच्या जेमतेम आठवडाभर आधीचा.

"ईस्टरला वाजवायचंय मला," नेल्डा म्हणाली.

"काय वाजवता?"

"ट्रम्पेट."

डॉक्टर लॅशलीने डोळे मिटले. "उन्हाळ्यापर्यंत ओठाला लावायची नाही. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. एका दाबात सगळी शिवण उसवेल."

"आणि आता नाही केलं तर?"

"तर या ईस्टरला वाजवाल. पुढच्या ईस्टरला पुढचा दात असेल, असं मी सांगू शकत नाही."

तिने रात्रभर नाही, पण अख्खी दुपार विचार केला. आईला दिलेलं वचन मोडायचं, नाही तर वचन देणारं तोंडच मोडू द्यायचं. शेवटी तिने तारीख घेतली. डॉक्टर प्रुइटला हे सांगायला गेली तेव्हा ती बाई तिच्या तोंडाकडे नाही, डोळ्यांकडे बघत म्हणाली, "मी ओळखते तुम्हा बँडवाल्यांना. शेवटच्या क्षणी हळूच एक सूर लावून बघता. मला वचन द्या."

"मी वचन दिलं की पाळते," नेल्डा म्हणाली. तीच तर सगळी अडचण होती.

बँडमध्ये कळवलं तेव्हा बर्निसने तिचा हात हातात घेतला. "काळजी नको करूस. तुझी जागा मी घेते." इतक्या चटकन म्हणाली की वाक्य बहुधा त्या घोडीच्या दिवसापासून तयार असावं.

शस्त्रक्रिया झाली. टाळूला आग, ओठ भोपळ्यासारखा, आणि आहारात गार पेज. कर्टिसने दोन दिवस पेज केली, तिसऱ्या दिवशी शार्लटला फोन केला. आर्डिथ आली. तिच्या अंगावर तलम कोट होता, हातात फुलं होती, आणि ती हसली तेव्हा नेल्डाने पहिल्यांदाच बहिणीचं तोंड डॉक्टरच्या नजरेने पाहिलं. गुलाबी, घट्ट, एकाही दाताचं मूळ दिसत नव्हतं. साठी जवळ आलेली बाई, आणि हिरड्या सोळा वर्षांच्या पोरीच्या.

"तू," नेल्डा सुजल्या तोंडाने म्हणाली, "घासतेस कशी गं?"

"घासते कुठे? फिरवते नुसती. तुला माहितेय की, मी आळशी."

नेल्डाने भिंतीकडे तोंड फिरवलं. देवाच्या न्यायाबद्दल तिला शंका कधी नव्हती. त्या दुपारी मात्र तिने त्याला दोन-तीन प्रश्न विचारले.

शनिवारी दोघी देवाच्या शेतात गेल्या. नेल्डाला वाकायची बंदी, म्हणून कर्टिसने विवाहित भगिनींच्या चौकात घडीची खुर्ची मांडून दिली. गाल सुजलेली, डोक्याला रुमाल गुंडाळलेली नेल्डा त्या खुर्चीत बसली आणि येणारा जाणारा प्रत्येक जण "अरेरे" म्हणून पुढे गेला. चार दगड सोडून बर्निस सासूचा दगड घासत होती, फेसात कोपरापर्यंत. आर्डिथने कोट काढून गवतावर ठेवला, फडकं ओलं केलं, आणि आईच्या दगडावरून फिरवलं.

"घास," नेल्डा पुटपुटली.

"घासतेय."

"हे घासणं नव्हे. ब्रश घे. बादलीत आहे."

आर्डिथने ब्रश उचलला, दगडावर टेकवला, आणि थांबली. गुडघ्यांवर खाली वाकून तिने दगडाला गाल लावावा इतकं तोंड जवळ नेलं.

"नेल्डा, तुला हे वाचता येतंय?"

"काय?"

"आईचं नाव."

नेल्डाने मान पुढे केली. दगड पांढरा होता. अख्ख्या चौकात त्याच्याइतका पांढरा दुसरा नव्हता. पण नाव जिथे असायला हवं तिथे नुसत्या सावल्या होत्या. 'अल्मा'ची आडवी रेघ गेलेली, आडनावाची कड बोथट, जन्ममृत्यूची सालं तर नुसत्या खळग्यांसारखी. शेजारी कुणा हाना पफोलची कबर होती. तिचं कुणी उरलं नव्हतं, दगडावर शेवाळ चढलेलं. पण त्या शेवाळाखाली हानाचं अक्षर न् अक्षर काल कोरल्यासारखं खोल होतं.

आर्डिथ हळूच म्हणाली, "इतकं घासलंस तू, की आई पुसत आली."

नेल्डाच्या तोंडात टाके होते, तरी शब्द स्पष्ट आले. "आणि तू इतकी कमी आलीस, की तुला नाव वाचावं लागतं. मला नाही लागत."

बर्निसच्या ब्रशाचा खसखस आवाज तेवढा येत होता. आर्डिथ उठून जाईल असं नेल्डाला वाटलं; लहानपणी ती तशीच उठून जायची. पण ती गुडघ्यांवरच बसून राहिली, ओलं फडकं हातात पिळत. तिच्या महागड्या विजारीला चिखल लागला होता. कडा पुसट झालेल्या त्या नावावर तिने तळहात ठेवला आणि उचलला नाही.

बऱ्याच वेळाने नेल्डाने मांडीवरची पर्स उघडली. आत रुमाल होता, गोळ्या होत्या, आणि जेवणानंतर लागतो म्हणून ठेवलेला तो मऊ ब्रश. तिने तो पुढे केला.

"अक्षरांत हा घाल. बोटांच्या टोकांनी धर. जोर आला असं वाटलं की थांब."

"असा?"

"तुझा नेहमीचा हात," नेल्डा म्हणाली. "आळशी."

आर्डिथ अक्षरांतली माती काढत राहिली आणि नेल्डा बघत राहिली. दगड यंदा लख्ख झाला नाही. बर्निस जाताना दोनदा मागे वळून बघून गेली, आणि तिच्या चेहऱ्यावर जो संतोष होता तो कुठल्याही प्रवचनाने येत नाही.

ईस्टरच्या पहाटे अंधार होता तेव्हाच लांबून बँडचा पहिला सूर आला. गावाच्या वरच्या अंगाने एक टोळी वाजवायची, खालच्या अंगाने दुसरी उत्तर द्यायची. नेल्डा कपडे करून तयार होती. तिने त्या दिवसाचं वचन वाचलं, डोळे मिटले, मग नवा मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवला. टाके सांभाळून दोरा फिरवला. बँडची टोपी घातली. स्वयंपाकघरात कर्टिस कॉफी करत होता. त्याने तिला ट्रम्पेटची पेटी उघडताना पाहिलं आणि हातातली किटली तशीच धरून राहिला.

"नेल्डा. त्या डॉक्टरीणबाईला शब्द दिलायस तू."

"माहितेय."

तिने ट्रम्पेट बाहेर काढली, पुसली. मग माउथपीस, म्हणजे ट्रम्पेटचं फुंकायचं तोंड, मखमलीच्या खळग्यात परत ठेवला आणि पेटीचं झाकण लावलं. तोंडावाचून ट्रम्पेट म्हणजे नुसता पितळेचा नळ. पण दाबायच्या कळा तिच्या बोटांना पाठ होत्या, आणि आईच्या उशाशी रांगेत जागा तिची होती. बर्निस वाजवेल. नेल्डा बोटांनी वाजवेल. आईला ऐकू येईल की नाही, हे देवाने बघावं.

"तो आतच राहिला की," कर्टिस म्हणाला.

"राहू दे."

आतल्या खोलीत आर्डिथ झोपली होती. तिला जाग येऊ नये म्हणून नेल्डाने दार अगदी हलक्या हाताने ओढून घेतलं, आणि ट्रम्पेट काखेत घेऊन ती शेताच्या वाटेला लागली.